औषध आधी कुणाच्या लिव्हरवर तपासतात?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीन ठिकाणी अडखळले होते, तेवढं इथं साफ केलंय. बाकी गप्पा त्याच.

आज आपण बोलणार आहोत प्रिंटरवर छापलेल्या लिव्हरबद्दल. हो, छापलेल्या. पण "लिव्हर खराब झालं की नवीन छापून बसवायचं" असं काही डोक्यात आलं असेल तर ते आधी काढून टाका. तो विषय वेगळा आहे आणि अजून बराच लांबचा आहे. आजचं लिव्हर करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे आणि ते कुणाच्याही पोटात जाणार नाही. त्याचं काम एकच, आपल्या आधी औषध पिऊन बघणं.

या विषयाकडे मी आले ते मावशीमुळे.

मावशीचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या मानेत गाठ आली. तपासणीत गाठीचा टीबी निघाला. चार औषधांचा कोर्स सुरू झाला: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. मावशी शिस्तीची. मोबाइलवर अलार्म, भिंतीवर कॅलेंडर, गोळी घेतली की तारखेवर टिकमार्क.

पाचव्या आठवड्यात तिचं जेवण कमी झालं. मळमळायला लागलं. "पित्त झालं असेल" म्हणून तीन दिवस कोकम सरबतावर काढले. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." रक्त तपासलं तर एसजीपीटी, जो साधारण चाळीसच्या आत असायला हवा, तो सहाशेच्या वर.

डॉक्टरांनी लिव्हरला त्रास देणारी औषधं त्याच दिवशी बंद केली आणि मधल्या काळासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या. त्या चिठ्ठीवर इथॅम्ब्युटॉलसोबत लेव्होफ्लॉक्सॅसिन होतं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मी दवाखान्यात मावशीच्या खाटेशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसले होते. मावशीनं एकदम विचारलं, "अगं, ही औषधं आधी तपासलेली असतात ना?"

"असतात की. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर."

"कुठल्या माणसांवर?"

मी गप्प. मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे एक ओळ बदलली तरी ती आधी टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालवतात, मग लोकांपर्यंत जाते. आणि तरीही लोकांच्या फोनवर गेल्यावर ती कोसळते, कारण टेस्टिंगचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर सारखे नसतात. "माझ्या मशीनवर तर चालत होतं" हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी म्हणतं. मावशीचा प्रश्न नेमका तोच होता. ज्याच्यावर तपासलं तो आणि जी गोळी गिळणार ती, यांच्यात साम्य किती?

नेहमी लिव्हरच का अडकतं?

तोंडातून घेतलेलं औषध आतड्यातून रक्तात उतरतं. पण ते रक्त थेट सगळ्या शरीरात जात नाही. एका मोठ्या शिरेतून ते आधी लिव्हरमध्ये येतं. म्हणजे टोलनाका समजा. प्रत्येक गाडी इथं थांबणारच.

लिव्हरच्या मुख्य पेशींना हेपॅटोसाइट म्हणतात. त्यांच्यात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एन्झाइमचं एक मोठं कुटुंब असतं. ही एन्झाइम औषधाचं रूप बदलतात, म्हणजे ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. गंमत अशी की कधीकधी मूळ औषध बिचारं साधं असतं आणि बदललेलं रूप घातक.

आपलं रोजचं पॅरासिटामॉल घ्या. योग्य मात्रेत घेतलं तर त्याचा बहुतेक भाग सरळ मार्गानं निघून जातो. थोडासा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. लिव्हरकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या पदार्थाला लगेच निकामी करतो. पण कुणी एकदम खूप गोळ्या घेतल्या की साठा संपतो, आणि तो विषारी पदार्थ पेशींनाच धरतो. अमेरिकेत लिव्हर अचानक निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. भारतात औषधांमुळे लिव्हरला जी इजा होते, तिच्यात टीबीच्या औषधांचा नंबर वरचा लागतो.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. औषध लिव्हरला त्रास देईल का, हे बघायचं तर अशी पेशी हवी जिच्यातली एन्झाइम जिवंत आणि कामावर आहेत. नुसती पेशी असून भागत नाही.

उंदीर पास, माकड पास, माणूस नापास

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं एक द्रव औषध बाजारात आलं. ज्या द्रवात ते विरघळवलं होतं तोच विषारी निघाला आणि १०० हून जास्त माणसं दगावली. त्यानंतर १९३८ चा कायदा आला: औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवा. तेव्हा दाखवायचं कशावर? हाताशी होते प्राणी. त्या पद्धतीनं असंख्य जीव वाचवलेत, हे आधी मान्य करू. पण तिलाही फटी आहेत.

सर्वांत दुखरी फट १९९३ सालची. हिपॅटायटिस बी वर फियाल्युरिडिन नावाचं नवं औषध येऊ घातलं होतं. उंदीर, कुत्रे, माकडं, सगळ्यांवर चाचण्या झाल्या होत्या. लिव्हर निकामी होईल असा इशारा कुठूनच मिळाला नाही. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांवर चाचणी सुरू झाली. काही आठवडे सगळं ठीक. मग एकाला त्रास सुरू झाला, चाचणी ताबडतोब थांबवली. पण गोळ्या थांबवून उपयोग झाला नाही, नुकसान आत होऊन गेलं होतं. १५ पैकी ७ जणांचं लिव्हर निकामी झालं. ५ जण गेले, दोघं लिव्हर बदलल्यामुळे वाचले.

असं का झालं? पेशीत ऊर्जा तयार करणारा भाग म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियावर एक दार असतं, ज्यातून हे औषध आत शिरतं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर ते दार नाही. म्हणजे उंदरावर कितीही काळजीपूर्वक तपासलं असतं तरी ही गोष्ट कळणं कठीणच होतं.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. २००० साली १२ औषध कंपन्यांनी मिळून १५० औषधांचा हिशेब मांडला. माणसांत त्रासदायक ठरलेल्या या औषधांपैकी किती जणांचा त्रास प्राण्यांमध्ये आधी दिसला होता? एकूण ७१ टक्के. आणि फक्त लिव्हरच्या त्रासाचं बघितलं तर जवळपास निम्म्यांचाच. लिव्हरच्या बाबतीत म्हणजे जवळजवळ नाणेफेक.

मग माणसाच्याच पेशी घ्या की!

मलाही हेच सुचलं होतं. प्रत्यारोपणाला न चालणारी दान केलेली लिव्हर असतात, त्यांतून जिवंत हेपॅटोसाइट काढता येतात, गोठवून ठेवता येतात. लॅबमध्ये त्या प्लास्टिकच्या ताटलीत पसरायच्या, वर औषध टाकायचं. झालं!

पण झालं नाही. ताटलीत सपाट पसरलेली हेपॅटोसाइट काही दिवसांतच आपलं काम विसरायला लागते. जिवंत दिसते, पण एन्झाइम मंदावतात, अल्ब्युमिन नावाचं जे प्रथिन ती सतत बनवत असते तेही घटतं. एकत्र कुटुंबातून उचलून एखाद्याला परक्या शहरातल्या रिकाम्या खोलीत ठेवलं तर जे होईल, तेच.

कारण शरीरातलं लिव्हर हे खरंच एकत्र कुटुंब आहे. हेपॅटोसाइटच्या शेजारी रक्तवाहिन्यांचं अस्तर असणाऱ्या पेशी असतात. स्टेलेट पेशी असतात, ज्या जखम झाली की व्रण तयार करतात. आणि कुप्फर पेशी असतात, म्हणजे लिव्हरचे वॉचमन. हे सगळे एकमेकांना चिकटून, एकमेकांशी रसायनांच्या भाषेत बोलत असतात. शेजार गेला की स्वभाव गेला.

आता वेळेचा मुद्दा. मावशीला त्रास पाचव्या आठवड्यात झाला. फियाल्युरिडिनचाही काही आठवड्यांनी. ताटलीतल्या पेशी तर आठवडाभरातच ढेपाळतात. मग हळूहळू होणारी इजा दिसणार कशी?

इथं प्रिंटर येतो

मेंदीचा कोन हातात धरून नक्षी काढताना बघितलंय ना? तेच तत्त्व. कोनात मेंदीऐवजी जिवंत पेशींचा लगदा असतो, त्याला बायो-इंक म्हणतात. कोन धरणारा हात म्हणजे मशीनचा. कुठं थांबायचं, कुठं किती दाबायचं, कुठल्या जागी कुठली पेशी टाकायची, हे कॉम्प्युटर सांगतो. एका नळीतून हेपॅटोसाइट, दुसरीतून शेजारपाजार.

या कल्पनेची सुरुवात अगदी घरगुती आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या थॉमस बोलंड यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत आपल्या ऑफिसात असतो तसला इंकजेट प्रिंटर बदलून त्यातून पेशी छापून दाखवल्या. शाईचा थेंब आणि पेशी, दोन्ही लहानच.

लिव्हर छापताना मात्र अडचणी खूप. नळी बारीक केली तर नक्षी सुबक येते, पण दाबानं पेशी मरतात. नळी मोठी केली तर पेशी वाचतात, नक्षी फिसकटते. शाई पातळ असेल तर पसरते, घट्ट असेल तर पेशींना श्वास घेता येत नाही. म्हणून काही जण समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट वापरतात, जे कॅल्शियम लागलं की पटकन घट्ट होतं. काही जण जिलेटिनचं असं रूप वापरतात, जे प्रकाश पडला की जमतं.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं २०१६ मध्ये नळीच टाळली. त्यांनी प्रोजेक्टरसारखा प्रकाश टाकून काही सेकंदांत षटकोनी नक्षी जमवली. षटकोन का? खरं लिव्हर मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखं छोट्या षटकोनी खोल्यांचं दिसतं, म्हणून.

जाडीलाही मर्यादा आहे. रक्तवाहिनी नसेल तर ऑक्सिजन ऊतीत साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरच पोचतो. त्यापेक्षा जाड केलं की मधल्या पेशी गुदमरतात. म्हणून हे तुकडे इतके बारीक. पण औषध तपासायला मोठं लिव्हर लागतच नाही. उलट लहान तुकडे बरे, एका प्लेटमधल्या अनेक खळग्यांत तेच औषध वेगवेगळ्या मात्रेत एकाच वेळी देता येतं.

दोन भावंडांची परीक्षा

आता मला सर्वांत आवडलेला भाग.

सॅन डिएगोमध्येच ऑर्गनोव्हो नावाची कंपनी होती. तिनं नोव्हेंबर २०१४ मध्ये छापलेल्या मानवी लिव्हर ऊतीवर औषधं तपासून द्यायची सेवा सुरू केली. २०१६ मध्ये तिच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेपॅटोसाइट, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि स्टेलेट पेशी त्यांनी ठरावीक रचनेत छापल्या. पहिली गोष्ट, ही ऊती ४ आठवडे कामावर राहिली. अल्ब्युमिन बनत होतं, पेशींची ऊर्जा टिकून होती, एन्झाइम औषधाला प्रतिसाद देत होती. सपाट ताटलीतल्या पेशींना हे जमलं नाही.

मग त्यांनी दोन औषधं निवडली. एक ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिन. हे अँटिबायोटिक अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस मंजूर झालं होतं. नेहमीच्या सगळ्या चाचण्यांतून पार पडलेलं. लाखो लोकांनी घेतलं. जून १९९९ पर्यंत लिव्हरला इजा झाल्याच्या १०० हून जास्त नोंदी आल्या, त्यांत १४ जणांचं लिव्हर अचानक निकामी झालेलं. त्यावर कडक निर्बंध आले.

दुसरं औषध त्याच घराण्यातलं, दिसायला जवळजवळ भावंडच. पण लिव्हरच्या बाबतीत सुरक्षित. त्याचं नाव लेव्होफ्लॉक्सॅसिन.

हे वाचलं तेव्हा मी सरळ फोन उघडून मावशीच्या चिठ्ठीचा फोटो काढला. तेच नाव. लिव्हर रुसलेलं असताना डॉक्टरांनी मुद्दाम निवडलेलं.

प्रयोगात काय झालं? माणसाच्या रक्तात जेवढं औषध पोचतं तेवढ्याच प्रमाणात ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिन दिलं तरी छापलेली ऊती आजारी पडली. मात्रा वाढवली तशी इजा वाढली. लेव्होफ्लॉक्सॅसिनला ऊतीनं काही केलं नाही.

टेस्टिंग करणाऱ्या माणसाला यातली मजा लगेच कळेल. नुसतं वाईट औषध पकडणं सोपं आहे. प्रत्येक औषधाला "धोका!" म्हणणारी चाचणी एकही वाईट औषध सोडणार नाही. पण ती चांगलीही सगळी फेकून देईल, आणि मग मावशीला मधल्या काळात द्यायला लेव्होफ्लॉक्सॅसिन उरलंच नसतं. चांगली चाचणी म्हणजे चोराला पकडणारी आणि त्याच्या सज्जन भावाला सोडणारी.

पुढे याच कंपनीच्या ऊतीवर मेथोट्रेक्सेटसारख्या औषधानं हळूहळू येणारे व्रणही बघता आले. आठवडाभरात मरणाऱ्या पेशींत ते दिसलेच नसते.

आता माझा खवचटपणा

आमच्या टीममध्ये माझी ख्याती "ही काहीतरी खोट काढणारच" अशी आहे. तर काढतेच.

पहिली खोट. वरचा प्रयोग ज्यांची वस्तू त्यांनीच केला. तो चुकीचा ठरत नाही, पण दुसऱ्यांनी, जास्त औषधांवर करून बघायला हवा. या बाबतीत छापलेल्या लिव्हरच्या चुलत भावाची, म्हणजे लिव्हर-चिपची मजल पुढे आहे. चिपमध्ये पेशी छापत नाहीत, बारीक नळ्यांच्या दोन बाजूंना वाढवतात आणि त्यातून द्रव वाहता ठेवतात. डिसेंबर २०२२ मध्ये एम्युलेट कंपनीनं ८७० चिपवर २७ औषधं तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घातक औषधांपैकी ८७ टक्के पकडली गेली आणि एकाही सुरक्षित औषधावर खोटा आळ आला नाही. आकडे झकास आहेत. पण इथंही वस्तू त्यांची आणि परीक्षाही त्यांचीच.

दुसरी खोट. धंदा सोपा नाही. माणसाच्या पेशी महाग, प्रत्येक दात्याच्या पेशी वेगळ्या वागतात आणि औषध कंपन्या जुन्या पद्धती सहजासहजी सोडत नाहीत. ऑर्गनोव्होनं मध्यंतरी छापलेली ऊती रुग्णांत बसवायचं स्वप्न बघितलं, २०१९ मध्ये ते थांबवलं. २०२५ मध्ये तर नावच बदलून व्हिवोसिम लॅब्ज केलं आणि गाडी पुन्हा औषधांच्या तपासणीकडे वळवली. मला यात हार दिसत नाही. छोटं काम खरं निघालं, एवढंच.

तिसरी खोट सर्वांत मोठी, आणि तीच मावशीच्या प्रश्नाला भिडते. छापलेलं लिव्हर कुणाचं असतं? ज्या दात्याच्या पेशी, त्याचं. एक माणूस, फार तर काही माणसं.

आता आयसोनियाझिडचं बघा. ते पचवणारं एक एन्झाइम आहे, एनएटी-२. कुणाचं जोरात चालतं, कुणाचं हळू. हे जन्मतः ठरलेलं असतं. ज्यांचं हळू चालतं त्यांना लिव्हरच्या इजेचा धोका जास्त, आणि भारतात अशी माणसं बरीच आहेत. जोरात चालणाऱ्या दात्याच्या पेशींवर तपासलं तर औषध छान पास होईल. मावशीचं लिव्हर त्या परीक्षेला बसलेलंच नसेल.

शिवाय काही इजा या रोगप्रतिकारशक्तीच्या गैरसमजातून होतात. शरीर औषध चिकटलेल्या पेशीलाच शत्रू समजतं. हे दहा हजारांत एखाद्याला होतं. ते बघायचं तर छापलेल्या तुकड्यात त्याच माणसाच्या प्रतिकार पेशीही लागतील.

आणि माणसांवरच्या चाचण्यांचंही गणित ऐका. ३,००० लोकांना औषध दिलं आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी आपण इतकंच म्हणू शकतो की धोका बहुधा हजारात एकापेक्षा कमी आहे. दहा हजारात एक असलेला धोका त्या ३,००० मधून सहज निसटतो. तो सापडतो औषध लाखो घरांत पोचल्यावर.

मग यावर उपाय? छापण्याचं तंत्र इथं खरं कामाला येऊ शकतं. रक्ताच्या किंवा त्वचेच्या पेशी घेऊन त्यांना मूळ पेशींसारखं करायचं आणि त्यांपासून लिव्हरच्या पेशी वाढवायच्या, हे आज जमतं. षटकोनवाल्या गटानं अशाच प्रकारे मिळवलेल्या पेशी छापल्या होत्या. अजून या पेशी पूर्ण प्रौढ होत नाहीत, थोड्या बाळबोधच राहतात. पण दिशा कळते. एका प्लेटमध्ये एका दात्याऐवजी हळू पचवणारे, जोरात पचवणारे, तरुण, म्हातारे, बायका, पुरुष असे सगळे शेजारी शेजारी छापता आले, तर "कुठल्या माणसांवर?" याचं उत्तर देता येईल.

नियम कुठवर आलेत?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं १९३८ चा कायदा सुधारला. औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवरच तपासलं पाहिजे ही सक्ती गेली. पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गन-चिप, कॉम्प्युटर मॉडेल यांनाही जागा मिळाली. लक्षात घ्या, प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आलेली नाही, दुसरा दरवाजा उघडलाय. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या एफडीएनं काही प्रकारच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आराखडाही जाहीर केला.

आपणही मागे नाही. मार्च २०२३ मध्ये भारतानं नव्या औषधांच्या नियमांत तशीच दुरुस्ती केली. आणि त्याच्याही आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, बेंगळुरूच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या स्टार्टअपनं लिव्हरची ऊती छापल्याचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे टीबीचे रुग्ण इतके, औषधांच्या गोळ्या बनवणारे कारखाने इतके. आपल्या लोकांच्या पेशींवर तपासणी व्हावी याची गरज आपल्याइतकी कुणाला असणार?

मावशीला काय सांगितलं

मावशी बरी झाली. एसजीपीटी उतरल्यावर डॉक्टरांनी औषधं एकेक करून, रक्त तपासत परत सुरू केली. कोर्स दोन-अडीच महिने लांबला, पण पूर्ण झाला. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तिनं परत विषय काढला. "सापडलं का गं उत्तर?"

मी म्हणाले, "सापडलं, पण अर्धं. आतापर्यंत उंदरावर तपासायचे, आता माणसाच्या लिव्हरच्या तुकड्यावर तपासायला लागलेत. पण तो तुकडा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो."

मावशी सोऱ्या फिरवत म्हणाली, "म्हणजे शेवटची परीक्षा आमच्यावरच."

खरंय ते. आमच्या भाषेत सांगायचं तर शेवटचं टेस्टिंग खऱ्या सर्व्हरवरच होतं. म्हणून तिथं नोंद ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. तर आजच्या भागातून एवढं घेऊन जा:

दीर्घकाळ चालणारं औषध घेताना भूक एकदम गेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, तर "पित्त असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनानं गोळ्या चालू ठेवू नका आणि आपल्या मनानं कायमच्या बंदही करू नका, टीबीच्या तर अजिबात नाही. सोबत काढा, चूर्ण, जिमची पावडर काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लिव्हरच्या टोलनाक्यावर नैसर्गिक गाडीलाही थांबावंच लागतं.

आणि औषधाचा त्रास झाला तर तो कळवा. भारत सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. डॉक्टरच हवा असं नाही, रुग्ण स्वतः कळवू शकतो. ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिन पकडलं गेलं ते अशाच नोंदींमुळे. ते छापलेल्या लिव्हरसमोर ठेवायचं सुचलं ते नंतर, त्या नोंदी होत्या म्हणून.

मावशीची नोंद आम्ही केली. उशिरा केली, पण केली. फोन मावशीनंच लावला. पलीकडून वय विचारलं तेव्हा तिनं दोन वर्षं कमी सांगितली, मी शेजारून खूण केली, मग दुरुस्त केलं. म्हटलं, मावशी, डेटा तरी खरा दे!

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि तुमच्या घरातल्या शिस्तीच्या मावशीला हा भाग नक्की पाठवा.